नदीचा फोटो का पाठवला नाही

प्रतिमा फोटो स्टुडिओ,
स्टेशनपासून सात मिनिटं (तू होतास तेव्हा पाच होती, मधे फेरीवाले वाढले),
बोरीवली पूर्व.
१० जानेवारी १९८५

मित्र, भागीदार आणि हल्ली मुक्काम मस्कत, श्री. जयवंतराव यांस,

सहदेवाचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे. खरा घालण्यासारखी कंबर राहिलेली नाही, त्याचा खुलासा पुढे येईल.) इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, तेव्हा आहेत. मालनला सर्दी झाली आहे आणि ती माझ्यामुळे झाली असं तिचं म्हणणं आहे. स्टुडिओचा पंखा तू गेलास त्या महिन्यात जो कुरकुरायला लागला तो अजून कुरकुरतो. गिऱ्हाइकांना आता त्याची सवय झाली आहे, बंद केला तर दचकतात. अनुपमावहिनींचा गुडघा कसा आहे? तुझं पित्त? तू लिहिलं होतंस की तिकडे थंडीत संध्याकाळी सगळे समुद्राकाठी जाऊन बसतात आणि कोणी कोणाला धक्का मारत नाही. मालनने ते शेजारच्या बिऱ्हाडात वाचून दाखवलं, पण कोणाचा विश्वास बसला नाही.

तुझं अठरा डिसेंबरचं पत्र तीस तारखेला मिळालं. त्यात तीन गोष्टी आहेत. कंपनी आणखी तीन वर्षांचा करार करायला तयार आहे आणि ह्या खेपेला मोठं क्वार्टरही देते आहे, ही पहिली. एकतीस जानेवारीच्या आत सही करून कळवायचं आहे, ही दुसरी. आणि त्या क्वार्टरच्या हॉलमध्ये एक लांबलचक पांढरी भिंत आहे, तिच्यावर लावायला आपल्या नदीचा थंडीतला, धुक्यातला फोटो मोठा करून पाठव, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी मिळून चार ओळी, आणि तिसरीला दीड पान. पहिल्या दोन गोष्टींवर मला काहीही म्हणायचं नाही. तो तुझा आणि वहिनींचा प्रश्न. चांगली नोकरी आहे, इमारतींच्या पायांचे फोटो काढायचे असतात, इमारत मान वाकडी करत नाही, डोळे मिटत नाही, ‘मी ह्यात जाडी दिसते’ म्हणत नाही. असं गिऱ्हाईक सोडून यायला कोण सांगेल? मी तर नाही सांगणार. मी फक्त तिसऱ्या गोष्टीबद्दल लिहितो आहे.

तर, फोटो येणार नाही. मी कामचुकारपणा केला असं तुला वाटू नये म्हणून सविस्तर लिहितो.

तुला आठवत असेल (आठवत नसेल तर दीड पान कशाला लिहिलं असतंस), आपण सात वर्षं दर जानेवारीत एका सोमवारी दुकान उशिरा उघडायचो आणि पहाटे नॅशनल पार्कात नदीवर जायचो. त्या फोटोंना कधी गिऱ्हाईक मिळालं नाही. मालन एकदा म्हणाली होती, तुम्ही दोघं पासपोर्टवाले, तुम्हाला नदी काय करायची आहे? तेव्हा तू म्हणाला होतास, “वहिनी, आठवडाभर आम्ही माणसांना ‘हलू नका’ म्हणत असतो. नदीला म्हणून बघतो एकदा. ऐकते का.” ती काही ऐकली नाही. पण तू गेल्यापासून तीन वर्षं मी तिकडे फिरकलो नाही. आपलाच नियम, पार्कात एकट्याने जायचं नाही, बिबट्या असतो. बिबट्याचं निमित्त मला तीन वर्षं पुरलं. तुझं पत्र आल्यावर मात्र जोडीदार शोधणं भाग पडलं.

आता मी ज्या माणसाचं नाव लिहिणार आहे ते वाचून पत्र फाडू नकोस. वहिनींकडे दे, त्यांना मोठ्याने वाचायला सांग, तू डोळे मीट.

राजाराम.

होय, तोच. ‘राजा फोटो’वाला. समोरच्या फुटपाथवरचा. ज्याच्या काश्मीरच्या पडद्यासमोर बसून निम्मी बोरीवली शिकाऱ्यातून फिरून आली आहे. ज्याच्याशी तू सहा वर्षं बोलत नव्हतास, कारण मुलुंडच्या त्या लग्नात तू मुलीकडून होतास आणि तो मुलाकडून, आणि अंतरपाट दूर झाला त्या क्षणी त्याचं डोकं तुझ्या कॅमेऱ्यासमोर आलं. (तो फोटो आपल्याकडे अजून आहे. वधूवर दिसत नाहीत, राजारामचं टक्कल मात्र फार स्वच्छ आलं आहे.) मीही तुझ्या बाजूने त्याच्याशी बोलत नव्हतो. तू गेल्यावर आणखी तीन वर्षं एकट्याने बोललो नाही. एकट्याने अबोला धरणं जड असतं रे, तू असताना निदान त्याबद्दल बोलायला तरी कोणी होतं.

झालं असं की मी वाण्याच्या दुकानात तुझ्या पत्राची गोष्ट सांगत होतो आणि हा मागे साबण घ्यायला उभा होता. मला वाटलं आता काहीतरी टोमणा मारणार. पण म्हणाला, “नदीवर कधी जायचंय? मी येतो. काश्मीर फाटलाय.” त्याचं म्हणणं असं की पडद्याचा शिकारा मधोमध उसवला आहे, आणि आता लोकांनाही काश्मीर नको झालं आहे. नवा पडदा रंगवायचा तर आपलीच नदी रंगवू, घराजवळची आहे, कोणी विचारलं तर दाखवताही येईल. त्यासाठी त्याला नदी एकदा नीट बघायची होती. पन्नाशीचा माणूस, जन्म बोरीवलीतला, आणि नदी त्याने फक्त पुलावरून बघितली होती!

सोमवारी सातला, म्हणजे तीन दिवसांपूर्वी, सकाळी साडेसहाला पार्काच्या फाटकापाशी भेटायचं ठरलं. मी कॅमेरा, मफलर आणि मालनने दिलेला डबा घेऊन पोचलो. राजाराम आधीच हजर. त्याच्याजवळ होतं ते लिहितो. एक ट्रायपॉड, चांगला वजनदार. एक लाकडी स्टूल. एक काळी छत्री. आणि एका पिशवीत पावडरचा डबा, पफ, आरसा आणि कंगवा. मी म्हटलं, “राजाराम, आपण नदीचा फोटो काढायला चाललोय.” तर म्हणाला, “असू दे ना. बाहेरच्या कामाला मी सगळं घेऊनच निघतो. उगीच तिथे गेल्यावर नाही म्हणायला नको.”

आणि पावडर लागली, बरं का. फाटकावर धोंडिराम होता, तोच आपला जुना चौकीदार, मिशा आता पांढऱ्या झाल्या आहेत. त्याने कॅमेरे बघितले आणि साहेबांना ओळखपत्रासाठी फोटो द्यायचा राहिला आहे, तेवढा काढा म्हणाला. मी नको म्हणेपर्यंत राजारामने त्याला स्टुलावर बसवलाही होता. बाहेर अंधार पुरता गेलेला नाही, नदीवर धुकं उतरलेलं, एकेक मिनिट मोलाचं, आणि हा त्याच्या नाकाला पावडर लावतो आहे, मिशीला कंगवा फिरवतो आहे, मागे छत्री उघडून मलाच धरायला लावतो आहे. (का, तर मागचं झाड डोक्यातून उगवल्यासारखं दिसेल.) वीस मिनिटं गेली. धोंडिराम मात्र राजासारखा बसला होता. उठताना मला म्हणाला, “ते दुसरे न्हाई आले? बारीक. वाघ आला तर आधी मला खाईल का तुला म्हणून भांडायचे ते?” मी म्हटलं, परदेशी असतात. तर म्हणाला, “मग हितं भांडतं कोण आता?” आणि राजारामकडे बघून म्हणाला, “हे बरंय, ह्यांच्यावर त्याचं पोट भरंल.”

आपल्या डोहापाशी पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. जयवंत, डोह तसाच आहे. तो पांढऱ्या सालीचा कांडोळ तसाच पाण्यावर वाकलेला. पलीकडच्या बांबूत तसाच अंधार. खडकावर तोच धोबी पक्षी शेपटी आपटत होता. (तोच कसा असेल म्हणशील. पण तुझ्यासारखाच एका जागी दोन मिनिटं ठरत नव्हता, म्हणून ओळखला.) आणि पाण्यावर धुकं होतं, गुडघ्याएवढं, पांढरं, हळूहळू खाली सरकणारं. मी नुसता उभा राहिलो. तीन वर्षं मी ह्या जागेपासून चालत चाळीस मिनिटांवर बसून लोकांना ‘हनुवटी जरा खाली’ म्हणत होतो, ह्याची लाज वाटली.

एवढ्यात राजाराम म्हणाला, “ह्यात माणूस कुठाय?”

मी म्हटलं, माणूस नाहीच. त्याला ते पटेना. त्याचं तत्त्व असं की ज्या फोटोत माणूस नाही तो फोटो कोणी विकत घेत नाही आणि ज्या पडद्यापुढे माणूस नाही तो नुसताच कपडा. किती लांब, किती रुंद, काही कळत नाही, तेव्हा तू जाऊन पाण्यात उभा राहा, मी अंदाज घेतो. आम्ही दोन दुकानदार. एकाने म्हणावं फोटो मी काढणार, दुसऱ्याने म्हणावं ट्रायपॉड माझा आहे. मी म्हटलं, हा जयवंतसाठी आहे. तो म्हणाला, म्हणूनच नीट काढायला हवा, त्याला चुका फार दिसतात. शेवटी भांडण मिटवायला मी कबूल झालो. एकदाचा जाऊन उभा राहतो, अंदाज घे आणि बाजूला हो. तर म्हणाला, पाय पाण्यात गेले तर माणूस बुटका दिसतो, स्टुलावर उभा राहा. अशा रीतीने सात जानेवारीच्या सकाळी मी नदीच्या मधोमध, राजारामच्या स्टुलावर, मफलर गुंडाळून, हात पुढे बांधून उभा होतो, आणि काठावरून सूचना येत होत्या. “डावीकडे बघ. खांदा सोड. चेहरा असा का केलास, कोणी गेलंय का?”

स्टुलाचा एक पाय खडकावर होता आणि तीन शेवाळावर. पुढचं तू समजलास. पाणी कमरेएवढंच आहे, पण मी कमरेवरच पडलो. जानेवारीतलं पाणी, जयवंत. ओरडायलाही श्वास राहिला नाही. राजारामने धावत येऊन मला काढलं, हे खरं. आणि काढताना “टोपी पडली का रे?” विचारलं, हेही खरं. मी टोपी घालत नाही. वर येऊन, मफलर पिळून, कॅमेऱ्याकडे पोचलो तोवर सूर्य कड्यावर आला होता आणि धुकं उठून गेलं होतं. समोर नदी होती, ऊन होतं, सगळं लखलखीत. कॅलेंडरवर छापतात तसं. तुझ्या भिंतीवर तू हे एक दिवससुद्धा ठेवलं नसतंस.

मी खडकावर बसलो आणि राजारामला वाटेल ते बोललो. काश्मीरपासून टकलापर्यंत सगळं. तो स्टूल शोधत होता. ते वाहत जाऊन खाली अडकलं होतं आणि त्याच्यावर एक बाई बसली होती. पाड्यावरची शेवंती, हातात खेकड्यांची टोपली. ती बहुधा पहिल्यापासून सगळं बघत होती, कारण हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. विचारलं, “कोनाचा फोटू काढताय?” मी म्हटलं, नदीचा. “आनि पान्यात कशाला पडला?” मी म्हटलं, ते राहू दे. धुकं गेलं ना, म्हणून मी हात हलवला. तर म्हणाली, हितलं गेलं, वरच्या वळणाला ऊन उशिरा येतं, तिथं असंल अजून. आणि उठून चालायलाच लागली. स्टूल डोक्यावर घेऊन. टोपली राजारामच्या हातात दिली.

आपण सात वर्षांत त्या वळणापर्यंत कधी गेलो नव्हतो, माहीत आहे? डोह मिळाला आणि आपण तिथेच थांबलो. वर पंधरा मिनिटांवर नदी दोन कड्यांमधून येते. दगड एवढाले, एकावर एक. झाडं दोन्हीकडून वाकून एकमेकांना लागलेली. पाण्याचा आवाज येतो, पाणी दिसत नाही. सगळं धुक्यात. मधूनच एखादा खडक बाहेर येतो आणि परत जातो. मुंबई आहे, बस आहे, रेशनची रांग आहे, ह्यातलं काही तिथे खरं वाटत नव्हतं. माझे कपडे ओले, दात वाजत होते, पण बोट ठरलं. मी एकामागून एक काढत गेलो, छत्तीसच्या छत्तीस. त्या अर्ध्या तासात राजारामने ‘माणूस कुठाय’ असं एकदाही विचारलं नाही. टोपली धरून उभा होता. (एक खेकडा त्याच्या बाहीवर चढला होता, तोही त्याच्या लक्षात आला नाही.) रोल संपल्यावर म्हणाला, “तो असता तर आत्ता मला म्हणाला असता, राजाराम, डोकं बाजूला घे.” आणि स्वतःच डोकं बाजूला घेतलं.

डबा आम्ही तिघांनी तिथेच खाल्ला. घावणे गार झाले होते, शेवंतीने नारळाची चटणी संपवली. घरी येऊन मी शिंकायला लागलो, रात्रीपर्यंत मालनही. काल डार्करूममध्ये रोल धुतला. आणि एकही फोटो आलेला नाही. राजारामच्या ट्रायपॉडचा एक पाय रेतीत रुतत गेला आणि सगळे फोटो हलले. छत्तीस. धुकं हललं, खडक हलले, सगळं हललं. तेव्हा तुझ्या भिंतीसाठी फोटो नाही. तिकडे दुकानात चांगली चित्रं मिळत असतील, समुद्राची वगैरे, एखादं घे. करारावर सही करताना पेन चांगलं वापर, तुझी सही नेहमी अर्धीच उठते.

वहिनींना नमस्कार. पित्ताला जप. लोभ आहे तो तिकडच्या उन्हात वाळू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
सहदेव

ता. क. — हे पत्र संध्याकाळी राजारामला वाचून दाखवलं. (हल्ली तो दुकान बंद करून इकडेच येऊन बसतो, तुझ्या खुर्चीवर नाही, बाकावर.) टक्कल, साबण, टोपी, सगळं त्याने शांतपणे ऐकून घेतलं. पण ट्रायपॉडचं वाक्य आलं तसा उठून उभाच राहिला. म्हणाला, “मला हवी ती नावं ठेव, ट्रायपॉडला ठेवायची नाहीत. खरं काय झालं ते लिही त्याला.” तेव्हा दुरुस्ती करतो. ट्रायपॉड जागचा हलला नाही. फोटो हललेले नाहीत. रोलच चुकीचा होता. रविवारी संध्याकाळी आपल्याकडे छोट्या कॅमेऱ्याचा नवा रोल एकही नव्हता, हल्ली सगळं काम मोठ्या रोलवर चालतं. म्हणून तुझा ड्रॉवर उघडला. मागे एक रोल मिळाला, फिल्मची जीभ बाहेर असलेला. आपल्या दुकानाचा नियम काय? काढून झालेल्या रोलची जीभ आत गुंडाळायची, बाहेर असेल तर रोल कोरा. हा नियम कोणी केला? तू. ड्रॉवरवर पुठ्ठा लावून लिहिलास कोणी? तू. आणि पुरे छत्तीस फोटो काढलेला रोल जीभ बाहेर ठेवून मस्कतला कोण गेलं? तेव्हा चूक कोणाची ते तूच ठरव. मी नदी त्याच रोलवर काढली, तुझ्या फोटोंवर.

ता. क. दुसरा — तुझे फोटो कसले होते, हे तू विसरला असशील असं मला वाटत नाही. एकात कॅलेंडर आलं आहे. तू निघालास तो दिवस आहे. त्या दुपारी तू बॅगेला कुलूप आणतो म्हणून दोन तास गेला होतास आणि कुलूप न आणताच परत आलास. बॅग आपण सुतळीने बांधली, आठवतं? मी तुला शिव्या दिल्या होत्या. मला काय माहीत तू कुठे फिरत होतास. आपलं शटर आहे, अर्धं ओढलेलं, आणि त्याच्या खालून धुकं आत येतं आहे. माझ्या चहाचा ग्लास आहे, वर बशी झाकलेली, आणि बशीभोवती नदी वळसा घालते आहे. मालन दारात डबा घेऊन हसते आहे, ‘माझा नको’ म्हणून हात वर, आणि पदरावरून पाणी पडतं आहे. मी आहे. दुपारचा, बाकावर, तोंड उघडं टाकून झोपलेला, पोटावर हा एवढा खडक. (मेल्या, झोपलेल्या माणसाचा फोटो काढतात?) आणि पाच फोटो नुसत्या गल्लीचे. गल्लीत कोणीही नाही. तू गिऱ्हाईक नसलं तर रोलला हात न लावणारा माणूस, रिकाम्या गल्लीवर पाच फोटो घालवलेस. विमानतळावर मात्र खदाखदा हसत होतास. मला म्हणालास, “रडतोस काय बायकांसारखा, दोन वर्षं तर आहेत.”

शेवटचा फोटो आपल्या आरशातला आहे, गिऱ्हाइकं भांग पाडतात त्या. तू कॅमेरा डोळ्याला लावून उभा आहेस. तो नेमका वरच्या वळणाच्या सगळ्यात चांगल्या फोटोवर आला आहे. दोन्ही कडे, वाकलेली झाडं, सगळीकडे धुकं, आणि मधोमध तू, छातीएवढ्या पाण्यात. कानाशी खिळ्याला टांगलेला कंगवा. हसू येतं. मीही आधी हसलो. राजाराम पाच मिनिटं बघत होता. मग म्हणाला, “ह्यात माणूस आहे.”

ता. क. तिसरा — तो फोटो मोठा करून वाळवला आहे. फार चांगला आला आहे. आयुष्यात एवढा चांगला मी काढला नव्हता, आणि अर्धा तर तू काढलेला. पण पाठवणार नाही. तुझ्या मस्कतच्या भिंतीसाठी नाही तो. बघायचा असेल तर इकडे येऊन बघ. वरचं वळणही दाखवतो, तू नसताना सापडलं ह्याचा मला त्रास होतो. हे पत्र उद्या टाकतो, वीस-बावीसपर्यंत पोचेल, म्हणजे एकतीस तारखेच्या आत. मी तुला परत ये म्हणालेलो नाही, हे लक्षात ठेव. मालन म्हणते मी प्रत्येक पानावर म्हटलं आहे. म्हणू दे तिला.

स. 

भाऊजींना मालनचा नमस्कार.

पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून चार ओळी लिहिते. ह्यांना माहीत नाही. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून, वरून दोरा बांधून तो फोटो मी ह्यातच ठेवला आहे. राजारामभाऊजींनी रात्रीच दुसरी प्रत काढून दिली, ह्यांची ह्यांच्या कपाटात तशीच आहे. फोटो अडवून माणसं बोलावायची नसतात, तुमचं तिकडे चांगलं चाललं आहे ते आम्हाला दिसतं. तीन वर्षं हे दर संध्याकाळी तुमच्या खुर्चीवरची धूळ पुसतात आणि तिच्यावर कोणाला बसू देत नाहीत, तेही तुम्हाला दिसावं म्हणून लिहिलं. आता दोरा सोडा, वहिनींनाही बोलवा, दोघं मिळून बघा. त्यानंतरही करारावर सही करावीशी वाटली तर जरूर करा. पण बघून करा.

मालन